मढेमास्तरांचा ठसा

मढेमास्तरांचं खरं नाव त्यांच्या विजेच्या बिलावर होतं, आणि ते बिल ते कुणाला दाखवत नसत. आपलं नाव, वय आणि घरात माणसं किती हे एकदा परक्याला कळलं की तो त्याचं काय करील याचा नेम नाही, असं त्यांचं ठाम मत. मग गल्लीनेच त्यांना नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नाव तसं चुकीचं नव्हतं. मास्तर मढी करायचे. म्हणजे चांगल्या धडधाकट माणसाला खुर्चीत बसवून, त्याच्या तोंडाला रबर, मेण नि रंग फासून, त्याला सिनेमापुरता मारायचे.

संशय हा मास्तरांचा श्वासच होता. दूधवाला दूध घालून गेला की पातेलं खिडकीशी नेऊन उजेडात बघायचे. किराणावाल्याच्या तराजूखाली वाकून पाहायचे, तिथे काही चिकटवलंय का. कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे, पुन्हा चढायचे आणि पुन्हा ओढायचे. डॉक्टरने "तुम्ही ठणठणीत आहात" असं सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे, पहिला काय लपवतोय ते विचारायला. माणूस वाईट नव्हता. फक्त आजवर कुणी त्यांना चांगलं काही सांगितलं आणि त्यांनी ते तसंच घेतलं, असं घडलं नव्हतं.

याला कारण होतं. तरुणपणी मास्तरांनी एका पिक्चरचं काम केलं. एका गावातले सगळे मेलेले लोक एके दिवशी उठतात आणि कुणाला खायला-बियला न जाता सरळ आपापल्या घरी चालू लागतात, अशी त्याची गोष्ट. आताची पोरं त्यांना झॉम्बी म्हणतात. तेव्हा सगळे नुसतं 'उठलेले' म्हणायचे. माणसं कुठून आणणार, तर मास्तरांनी आपली गल्लीच उठवली. किराणावाला, शिंपी, पोस्टमन, शाळेतल्या बाई, सगळ्यांच्या तोंडांचे ठसे घेतले आणि त्यावर मुखवटे ओतले. पिक्चर धो धो चालला. मास्तर नवा शर्ट घालून पहिल्या खेळाला गेले, आणि पडद्यावर 'रंगभूषा' या शब्दापुढे निर्मात्याच्या मेव्हण्याचं नाव आलं. मेव्हण्याने आयुष्यात स्वतःच्या मिशीखेरीज कशाला रंग लावला नव्हता. त्या दिवसापासून मास्तर ताकसुद्धा फुंकून पिऊ लागले.

ते ठसे मात्र त्यांनी जपले. घराच्या मागच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर पांढरी तोंडं मांडलेली. ठसा घेताना डोळे मिटावेच लागतात, त्यामुळे सगळी गल्ली तिथे झोपल्यासारखी दिसे. किराणावाला अधूनमधून येऊन स्वतःचं तरुण तोंड बघून जायचा आणि म्हणायचा, "मास्तर, बघा, तेव्हा मला हनुवटी होती!"

फळीवर दोन तोंडं नव्हती. एक मास्तरांचं स्वतःचं. डोळे मिटायचे, ओठ बंद करायचे, वरून लगदा थापून घ्यायचा आणि नाकाच्या दोन भोकांतून श्वास घेत दुसऱ्याच्या भरवशावर पडून राहायचं, हे त्यांना कल्पनेतसुद्धा जमत नव्हतं. ठसा घेताना त्यांचा नियम असे. समोरच्याला बोलता येत नाही, तर त्याने घाबरल्यावर हात वर करायचा. हात वर झाला की मास्तर क्षणात सगळं काढून टाकत. लोक त्यांच्यावर विश्वास टाकत. मास्तर कुणावर टाकत नसत. बायको त्यांना चिडवायची, "जगाची तोंडं घेता, तुमचं कधी देणार?"

दुसरं न दिसणारं तोंड तिचंच होतं.

बायको ही त्यांची पहिली उठलेली. प्रत्येक नवा लगदा, नवा डिंक आधी तिच्यावर. पिक्चरमध्ये ती खिडकीतली बाई झाली होती. ही बाई मेल्यावर चालत आपल्या घरी येते, पण आत जात नाही. बाहेर खिडकीशी उभी राहते आणि आत जेवणाऱ्या आपल्या माणसांकडे बघत राहते. पिक्चर बघून आलेले लोक इतर सगळं विसरायचे, पण खिडकी विसरायचे नाहीत. तिचा ठसा घेताना गार लगदा नाकाखाली आल्यावर तिला हसू फुटलं होतं. तिने ते दाबलं, पण डाव्या ओठाचा कोपरा जरासा वर ओढला गेला तो गेलाच. कामाच्या दृष्टीने ठसा बिघडला होता. मास्तरांनी तो टाकला नाही. पुढे मुलगी झाली, आणि मुलगी चालायला लागायच्या आत बायको आजारपणात गेली. मास्तरांची बहीण तेव्हा म्हणाली, "पोरीला ते मिटल्या डोळ्यांचं तोंड दाखवू नकोस बाबा, दचकेल." मास्तरांनी ठसा बायकोच्या शालीत गुंडाळून त्याच मागच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवला. मुलगी मोठी झाली आणि तिने विचारलं, तेव्हा सांगितलं, "फुटला तो." बायकोचे फोटो होते चार. पण फोटोत माणूस सपाट असतो. हाताला लागेल अशी बायको जगात फक्त त्या पेटीत होती, आणि तिच्यावर कुणाची नजर पडू नये एवढीच मास्तरांची धडपड.

अशात बातमी आली की तोच पिक्चर पुन्हा काढतायत. नव्याने.

"का?" मास्तर म्हणाले. "एकदा मेलेले एकदा उठले. पुन्हा कशाला उठवायचे? मढ्याच्या टाळूवर कुणाला तरी लोणी दिसलंय."

मुलगी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची. ती डबा भरत होती. "बाबा, चांगला पिक्चर होता म्हणून काढत असतील."

"चांगल्या गोष्टीकरता कोण एवढी धावपळ करतं?"

मग एक दिवस नव्या पिक्चरची रंगभूषाकार स्वतः दारात उभी राहिली. जाड चष्मा, केस वर बांधलेले, हातात फळांची पिशवी. मास्तरांनी दारातूनच तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिचं नाव न विचारता मनातल्या मनात तिला चष्मेवाली करून टाकलं.

"मास्तर, तुमचा पिक्चर बघून मी या कामात आले," ती म्हणाली. "पडद्यावर नाव कुणाचंही असू दे. आमच्या लाइनीत सगळ्यांना माहितीये ते हात कुणाचे."

मास्तरांना आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबरोबर ते सावध झाले. गोड बोलून गळा कापणारे त्यांनी पाहिले होते. त्यांनी फळं कोपऱ्यात ठेवली आणि तिला मागची खोली दाखवली, दिव्याखाली उभं राहून, तिच्या हातांकडे बघत. तिने कशाला हात लावला नाही. प्रत्येक तोंडापुढे मात्र थांबली. सगळ्या फळ्या संपल्यावर म्हणाली, "खिडकीतली बाई कुठेय?"

"फुटली," मास्तर म्हणाले.

मुलगी तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. क्षणभर तिथेच थांबली, मग आत येऊन चहा ठेवला.

चष्मेवाली हळहळली. मग म्हणाली की रोज सेटवर या, सल्लागार म्हणून, यावेळी नाव नक्की येईल. शिवाय नव्या पिक्चरमध्ये खिडकीतल्या बाईच्या मागे एक म्हातारा उठलेला येऊन उभा राहतो, तो तुम्ही व्हा. ठसा मी स्वतः घेईन.

"मी माझं तोंड कुणाला देत नाही," मास्तर म्हणाले. पण सेटवर जायला तयार झाले. चोराच्या मागे राहण्यापेक्षा चोराच्या शेजारी बसलेलं बरं, असा त्यांचा विचार.

शूटिंग एका बंद पडलेल्या कारखान्यात होतं. लांबलचक शेडमध्ये आरशांची टेबलं मांडलेली आणि त्यांपुढे मढ्यांची रांग. अर्धा जबडा नसलेला एक गृहस्थ फोनवर बायकोला कुठली भाजी आणू ते विचारत होता. एक प्रेत खुर्चीत बसून नख कापत होतं. मास्तरांना खुर्ची दिली, तर त्यांनी ती आधी हलवून बघितली, पाय मोडका आहे का. नव्हता. चहा दिला, तो चांगला होता. हे सगळं त्यांना फार खटकलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

चष्मेवालीचं काम त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. चूक काढायची होती म्हणून पाहिलं. पण तिने चिकटवलेला खोट्या कातडीचा पापुद्रा इतका तलम की खालच्या शिरा दिसाव्यात, आणि माणूस बोलला तर तो त्याच्या कातडीसारखा सुरकुतायचा. मास्तरांचं रबर त्यापुढे म्हणजे पायातली चप्पल. त्यांना ते काम आवडलं. आणि आवडल्याचा फार राग आला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली. टेबलांच्या टोकाला पडदा लावलेला एक कोपरा होता. तिथे मास्तर वळले की कुणी ना कुणी आडवं यायचं. "तिथे ओलं आहे, मास्तर." "तिथे सामान पडलंय, मास्तर." एकदा तर चष्मेवाली स्वतःच आली आणि हसून त्यांना कॅमेरा दाखवायला घेऊन गेली. त्यांना कॅमेरा बघायचा नव्हता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल न काढता मास्तर पेटीकडे गेले, कुलूप काढलं. पेटी उघडली. वर जुने स्वेटर होते, खाली शाल होती. शाल नीट घडी केलेली. तिच्यात काही नव्हतं.

मास्तरांनी सगळी पेटी जमिनीवर उपसली. मग ते त्या पसाऱ्यात मांडी घालून बसले. रिकामी शाल त्यांनी झटकून पाहिली, पुन्हा झटकली. एवढी वर्षं दूध बघितलं, तराजू बघितला, कुलूप बघितलं, आणि नेमकी हीच गोष्ट गेली.

चोर घडी करून ठेवत नाही हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण संशयी माणसाचं असं असतं, त्याला सगळं दिसतं आणि समोरचं दिसत नाही.

मुलगी कामावरून आली. पसारा बघून तिचा चेहरा उतरला.

"पेटी कोणी उघडली?" मास्तरांनी विचारलं.

ती वाकून स्वेटर गोळा करू लागली. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना तिच्या कानामागे, केसांच्या कडेला, पांढरं काहीतरी वाळलेलं दिसलं. आयुष्यभर लोकांच्या कानांमागून तेच खरवडलेला माणूस. ते काय आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"हे काय?"

"दुकानात पावडरीचा डबा सांडला."

"तू गेली होतीस तिकडे. त्या चष्मेवालीकडे."

"बाबा, उद्या. उद्या संध्याकाळी सगळं सांगते. आजच्या दिवस नका विचारू."

एक दिवस मागणाऱ्याला पळायला वेळ हवा असतो, हे मास्तर जाणून होते. त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं. सकाळी लवकर निघणं, हल्ली फोनवर हळू बोलणं, तो पडदा, ते गोड हसणं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी त्यांची गत झाली होती. बाहेरच्या चोराकरता कुलपं लावली आणि आपल्याच पोरीने आईचं तोंड नेऊन सिनेमावाल्यांना दिलं. आता ते तोंड साच्यात जाणार. ते रंगवणार, फाडणार, त्यातून किडे काढणार, आणि काम संपलं की कचऱ्यात. मास्तर त्या संध्याकाळी जेवायला बसले, पण वाटीकडे बघतसुद्धा नव्हते. मुलगी मान खाली घालून जेवली. तिच्याशी आपण पुन्हा कधी बोलणार नाही, असं मास्तरांनी मनात ठरवलं, आणि ते ठरवताना त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी ताट सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीचा प्रसंग होता. शेडमध्ये एक घर उभारलं होतं. सिनेमातल्या घराला असतं तेवढंच, म्हणजे एक भिंत, एक खिडकी आणि अलीकडे जेवणाचं टेबल. कॅमेरा टेबलाच्या बाजूला. मास्तरांची खुर्ची मॉनिटरपाशी, तरुण दिग्दर्शकाच्या शेजारी. रात्रीचा देखावा, म्हणून खिडकीबाहेर निळा उजेड सोडला होता. सगळं गप्प झालं. टेबलावरचे नट जेवू लागले.

खिडकीत ती आली.

रंग राखेसारखा, एका गालाची कातडी सुटलेली, केसांत माती. पण गालाचं ते हाड, भुवईखालची ती खोलगट जागा, आणि आत बघताना जराशी कलती मान. मास्तरांनी हे तोंड स्वतःच्या हातांनी घडवलं होतं, आणि त्याआधी दोन्ही हातांत धरलं होतं. बायको बाहेर उभी होती आणि आत बघत होती.

"चोर!" मास्तर ओरडले.

ते कॅमेऱ्यासमोरून गेले, टेबल आडवं आलं ते त्यांनी ढकललं, ताटल्या पडल्या. भिंतीला वळसा घालून मागे पोचले आणि त्या उठलेलीचं तोंड त्यांनी धरलं. "काढा! माझ्या बायकोचं तोंड आहे हे! काढा!"

एवढ्या रागातसुद्धा त्यांच्या हाताने ते फाडलं नाही. हात सवयीने कानामागे गेला, नखाने कड शोधली आणि हलकेच सोलू लागला, पापुद्र्याखाली बोट सरकवत, जसा तो जन्मभर सोलत आला होता. गाल निघाला. खाली दुसरा गाल होता. गरम, आणि ओला.

"बाबा, हळू," मुलगी म्हणाली. "भुवई ओढतेय."

मास्तरांचा हात तिथेच राहिला.

लोक धावत आले. दिग्दर्शक काहीतरी मोठ्याने बोलत होता, चष्मेवालीने त्याला हाताने गप्प केलं. ती पडद्यामागे गेली आणि एक पांढरा ठसा घेऊन आली. "मास्तर, तुमच्या ठशाला आम्ही शिवलोसुद्धा नाही. तुम्ही फुटला म्हणालात, मी मान्य केलं. ही आमच्याकडे त्या पिक्चरमधला आईचा एखादा जुना फोटो मिळतो का विचारायला आली होती. मी तिला बघितलं, हुबेहूब जुन्या पिक्चरमधली खिडकीतली बाई, आणि मीच म्हटलं, तू उभी राहतेस का? हा तिचा ठसा. जरा बिघडलाय. हसली ती."

मास्तरांनी ठसा हातात घेतला. मिटलेले डोळे. भुवईखालची ती खोलगट जागा. आणि डाव्या ओठाचा कोपरा जरासा वर.

"आणि तो?" त्यांनी मुलीला विचारलं. "पेटीतला?"

"माझ्या कपाटात आहे. उशांच्या मागे."

"मी तर फुटला म्हणून सांगितलं होतं."

"मलाही तेच सांगितलं होतंत ना. मी खरं धरलं होतं, बाबा. पण यांना सांगताना तुम्ही पेटीकडे बघितलंत. मी चहा घेऊन दारात होते." तिच्या अर्ध्या मेलेल्या, अर्ध्या जिवंत तोंडावरून पाणी वाहत होतं. "मला ती आठवतच नाही. एवढीसुद्धा नाही. मला फक्त तोंडावरून हात फिरवून बघायचं होतं. मग वाटलं, ती खिडकीत उभी राहून काय बघत होती ते एकदा बघावं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही पेटीचं कुलूप बदललं असतंत."

बदललं असतं. मास्तरांना ते ऐकताक्षणी कळलं. जगात ज्या एका माणसाला ते तोंड द्यायचं होतं, त्याच्यापासूनच त्यांनी ते सांभाळलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते तिथेच सेटच्या कडेला फळकुटावर बसले आणि लोकांदेखत रडले. अर्धा जबडा नसलेला गृहस्थ पाण्याचा पेला घेऊन आला. मास्तरांनी तो उजेडात न धरता पिऊन टाकला.

मग ते उठले. "डिंक आणा," चष्मेवालीला म्हणाले. मुलीला खुर्चीत बसवून त्यांनी सुटलेला गाल पुन्हा चिकटवला. कड बसवताना चष्मेवालीला विचारलं, "तुमचा डिंक आमच्यासारखा वास मारत नाही, कसला आहे हा?" तिने सांगितलं, आणि मास्तरांनी चक्क खरं मानलं.

काम झालं तरी ते हलले नाहीत. शेजारची खुर्ची त्यांनी ओढली आणि तीत बसले. या खेपेला पाय तपासला नाही.

"तो मागे उभा राहणारा म्हातारा," ते म्हणाले. "त्याला अजून कुणी मिळालंय का?"

चष्मेवालीने नाही म्हणून मान हलवली. ती लगद्याचं घमेलं घेऊन आली, तर मास्तरांनी बोटाने मुलीकडे दाखवलं. "हिला घेऊ दे."

"मला कुठे येतं, बाबा?"

"शेजारी उभ्या आहेत ना त्या, सांगतील. कपाळापासून खाली ये. नाकाला जप. आणि हात बघत राहा, घाबरलो तर वर करीन. करीनच मी, माझा काही भरवसा नाही."

त्यांनी डोळे मिटले, ओठ मिटले. मुलीने कपाळावर पहिला गार थर दिला. मग गालांवर, मग हनुवटीवर. तोंड गेलं, डोळे गेले. चष्मेवाली हळू आवाजात सांगत होती, मुलगी तसतसं करत होती, आणि रांगेतली सगळी मढी चहाचे पेले घेऊन भोवती जमली होती. सगळ्यांची नजर खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या मास्तरांच्या हाताकडे लागली होती. बोटं एकदा उचलली गेली, पुन्हा टेकली. मुलीने आपला दुसरा हात हलकेच त्यांवर ठेवला.

लगदा नाकाखाली आला, वाळला, घट्ट झाला. मास्तरांचा हात वर झाला नाही.